मोटारीसाठी बंद ट्रेलर

गेल्या हिवाळ्यापासून आपल्या मंडळातल्या निदान पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "तुम्ही तो पांढरा खोका घेतलात तो कसा निवडलात, आणि आत काय काय बसवलंत?" फोनवर प्रत्येकाला पाऊणपाऊण तास उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, असे संपादकांनी सुचवले. पुरवणीची पाने मोकळी होती, मलाही दोन शुक्रवार मोकळे मिळाले. ज्यांना मोटारींचे वेड नाही त्यांनी हा लेख खुशाल ओलांडावा. मात्र होडी, जेट-स्की किंवा वाळवंटात न्यायची बग्गी मागे जोडून नेणाऱ्यांनी मधला भाग तरी वाचावा अशी विनंती आहे. कारण तिथे प्रश्न हौसेचा नाही, पुढच्या गाडीत बसलेल्या माणसांचा आहे.

प्रथम, ट्रेलर लागतोच कशाला? आमच्या दोन कुटुंबांत मिळून एक १९८९ची बीएमडब्ल्यू आहे, ई-३० या नावाने ओळखली जाणारी. वजन सुमारे १,२०० किलो. ती आता शर्यतीच्या नियमांप्रमाणे आतून सोलून, लोखंडी पिंजरा बसवून तयार केली आहे, त्यामुळे रस्त्यावर चालवायची सोय राहिलेली नाही. दुबई ऑटोड्रोम (२००४ साली सुरू झालेला) अजमानहून पन्नासेक किलोमीटरवर, आणि अबुधाबीचा यास मरिना (२००९) त्याच्या अडीचपट-तिप्पट अंतरावर. दर वेळी उघडा रिकव्हरी ट्रक बोलवावा, तर जाता-येता दोनदा भाडे, आणि संध्याकाळी दमून निघायच्या वेळी ट्रकवाला "अर्ध्या तासात येतो" म्हणून दीड तासाने येणार.

मग उघडा ट्रेलर का नको? खरे सांगायचे तर बहुतेकांना उघडाच पुरतो. तो हलका असतो, स्वस्त असतो, वारा त्यातून आरपार जातो, आणि सामान कमी असल्यामुळे बिघडायलाही कमी. वर्षातून तीन-चार वेळाच नेणार असाल तर पुढे वाचण्याआधी याचाच विचार करा. आम्ही बंद घेतला तो तीन कारणांनी. एक, आमच्याकडे शेड नाही, त्यामुळे गाडी वर्षभर त्यातच राहते. दोन, इथली हवा. उन्हाळ्यात पहाटे समुद्रावरून येणारी खारट ओल आणि दुपारी शमाल वाऱ्याबरोबर येणारी पिठासारखी वाळू या दोघींनी मिळून उघड्यावरच्या लोखंडाचे जे होते ते अजमानमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. तीन, हत्यारे, जॅक, टायरचा दुसरा संच हे सगळे कुलपात राहते.

आता आपल्याकडची पद्धत आठवून पाहा. चाकण किंवा नाशिकहून नव्या मोटारी घेऊन निघालेले लांबलचक कार-कॅरिअर आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यात ओढणारे धूड आणि मागचा डबा हे एकमेकांसाठीच बनवलेले असतात, आणि डब्याचा मोठा भार ट्रॅक्टरच्या पाठीवर, म्हणजे त्याच्या मागच्या ॲक्सलवर, उतरतो. आपण जे करतो ते वेगळे. घरच्या फोर-व्हीलच्या मागच्या टोकाला, तिच्या मागच्या ॲक्सलच्याही सव्वा मीटर मागे, एक लोखंडी गोळा असतो आणि त्यावर अडीच टनांचा डबा अडकवायचा असतो. कुटुंब त्याच गाडीत बसलेले असते. म्हणून सुरुवात ट्रेलरपासून करू नका, ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेपासून करा. तिथे दोन आकडे शोधायचे : मागे किती वजन ओढता येते, आणि गोळ्यावर सरळ खाली किती भार चालतो. दुसरा आकडा लोक वाचतच नाहीत. शिवाय गोळ्यावरचा भार गाडीच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो. नाकावर ३१० किलो म्हणजे चार मोठी माणसे डिकीत बसवल्यासारखे आहे. मग सीटवर किती बसवायची, तो हिशेब उरलेल्यात करायचा.

आमचा हिशेब असा. रिकामा ट्रेलर १,३०० किलो, मोटार १,२००, सामान १००, एकूण २,६००. दोन ॲक्सल, प्रत्येकी १,६०० किलोचे. गोळ्यापासून दोन्ही ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर ४.२ मीटर. या चार-पाच आकड्यांवरून बाकी सगळे निघते.

माझी डॉक्टरेट कंपनांवर आहे. पोटासाठी गेली अनेक वर्षे सॉफ्टवेअर लिहितो, पण हा विषय निघाला की राहवत नाही, तेव्हा थोडे सहन करा. मागे जोडलेला ट्रेलर हा एक आडवा लंबक आहे. वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकने त्याला धक्का दिला की तो गोळ्याभोवती डावी-उजवीकडे झुलतो. टायर रस्त्याला घासून हे झुलणे शमवतात. पण गंमत अशी की वेग वाढतो तशी टायरांची ही शमवण्याची ताकद कमी होत जाते. ६० च्या वेगाला एका झोक्यात विरून जाणारे हेलकावे ९० ला चार-पाच झोके घेतात, आणि एका ठरावीक वेगापलीकडे ते विरतच नाहीत, प्रत्येक झोक्याला मोठे होतात. म्हणजे "इतके दिवस नेतोय, कधी काही झालं नाही" याला काहीच अर्थ नसतो. तुम्ही त्या वेगाच्या अलीकडे होतात, एवढाच तो पुरावा.

हा धोक्याचा वेग वर ढकलणे आपल्या हातात आहे. गोळा ते ॲक्सल अंतर जास्त असावे. वजनाचा मध्य ॲक्सलच्या पुढे असावा. आणि जड वस्तू दोन्ही टोकांना नसाव्यात. कावडीचे उदाहरण घ्या. तेच दोन हंडे काठीच्या मधोमध बांधले तर काठी सहज वळते आणि सहज थांबते. टोकांना टांगले की एकदा फिरू लागलेली कावड आवरताना खांदा निखळतो. मागच्या दारावर जादा टायर आणि पुढच्या भिंतीला लोखंडी कपाटे लावलेला ट्रेलर म्हणजे कावडच.

वजनाचा मध्य पुढे आहे की नाही, हे नाकावरच्या भारावरून कळते. अमेरिकेत, जिथे असे बंद ट्रेलर घरोघरी दिसतात, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाकावर ठेवायची रीत आहे. युरोपात तो कमी ठेवतात, पण तिथे वेगही कमी आणि ट्रेलरची घडणही वेगळी. दोघांचे अर्धे-अर्धे उचलू नये. आम्ही १२ टक्के धरले, म्हणजे ३१२ किलो. रिकाम्या ट्रेलरचे नाक १३० किलो भरते. सामान ॲक्सलच्या बरोबर वर ठेवले, म्हणजे त्याचा नाकावर परिणाम शून्य. उरलेले १८२ मोटारीने द्यायचे. तराजूचाच नियम : १,२०० गुणिले मोटारीचा मध्य ॲक्सलच्या जेवढा पुढे ते अंतर, भागिले ४.२. उत्तर ६४ सेंटिमीटर. आमच्या मोटारीचा वजनमध्य पुढच्या चाकांच्या सुमारे १.२ मीटर मागे आहे, म्हणून पुढची चाके ॲक्सलच्या मध्यापासून १.८४ मीटर पुढे थांबली पाहिजेत. तिथे फरशीला लोखंडी अडसर कायमचा बोल्ट केला आहे. मोटार चढवायची, चाक अडसराला टेकले की थांबायचे. मोजमाप नाही, अंदाज नाही. मोटार फक्त १० सेंटिमीटर मागे राहिली तर नाकावरचे २९ किलो कमी होतात, आणि अर्धा मीटर मागे राहिली तर १४३, यावरून त्या अडसराची किंमत लक्षात येईल.

आपल्याच परिचयातले एक गृहस्थ भाड्याच्या उघड्या ट्रेलरवर जुनी जीप घेऊन एमिरेट्स रोडने निघाले होते. पुढच्या बाजूला तंबू आणि गाद्यांची गाठोडी, म्हणून जीप पार मागे उभी केलेली. गाठोडी दिसायला मोठी, वजनाला काहीच नाहीत. बायको आणि दोन मुले गाडीत. उड्डाणपुलाच्या उतारावर शेजारून एक मोठा ट्रक गेला, ट्रेलर शेपूट मारू लागला, आणि कोणीही करील तेच त्यांनी केले : ब्रेक दाबला. पुढची गाडी हळू झाली, मागचे दोन टन झाले नाहीत; ट्रेलरने गाडीला कुशीवर ढकलले आणि सगळे उलट्या दिशेला तोंड करून कठड्याशी थांबले. मागून कोणी येत नव्हते म्हणून माणसे सुखरूप राहिली. त्यांची नऊ वर्षांची मुलगी पुढचे तीन महिने त्या गाडीत बसायला तयार नव्हती. अशा वेळी करायचे ते हे : स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, झोक्याच्या उलट फिरवू नका, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडीचा ब्रेक दाबू नका, आणि ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्रपणे लावायची कळ असेल तर ती दाबा. मागून ओढ बसली की शेपूट सरळ होते.

त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. दोन प्रकार मिळतात. एकात ट्रेलर पुढच्या गाडीवर रेटला गेला की त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. साधे, स्वस्त, पण शेपूट मारताना ते तुमच्या हातात नसतात. दुसरे विजेचे, चालकापाशी एक छोटी पेटी असते, तिच्यावर ती कळ असते. मी विजेचेच घ्या म्हणतो, आणि चारही चाकांना. २,६०० किलोचा ट्रेलर १०० च्या वेगाने जात असतो तेव्हा त्याच्यात जी ऊर्जा असते तिने सव्वातीन लिटर पाणी उकळीला येईल. एवढी उष्णता एकट्या पुढच्या गाडीच्या ब्रेकांवर टाकू नये. शिवाय ट्रेलर गोळ्यावरून निसटलाच तर आपोआप ब्रेक लावणारी दोरी आणि तिची छोटी बॅटरी असते. ती बॅटरी इथल्या उन्हाळ्यात लवकर मरते. दर फेरीआधी दोरीची खीळ उपसून ट्रेलर पुढे ओढून पाहायचा. चाके जाम झाली नाहीत तर बॅटरी बदलायची. हाताने जोडायच्या दोन साखळ्या गोळ्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या घ्याव्यात, म्हणजे निसटलेले नाक त्यांच्या झोळीत पडते, डांबरात रुतत नाही.

बांधणीबद्दल. बाहेरून मागवायचा की इथे बांधून घ्यायचा? आपण सगळे ज्याला 'सनय्या' म्हणतो त्या औद्योगिक वसाहतीत ट्रकची बॉडी बांधणारे उत्तम कारागीर आहेत, आणि अजमानात बोटी बांधण्याचा धंदा असल्यामुळे मरीन प्लाय, फायबरग्लास, गंज न लागणारे नट-बोल्ट हे सगळे हाताशी मिळते. अडचण एकच. ट्रकवाल्याला वजनाची भीती नसते. त्याला "मजबूत करा" म्हणालात की तो दुप्पट जाडीचे लोखंड लावतो आणि तुमचा १,३०० किलोचा ट्रेलर १,८०० चा होतो. तिथल्या पठाण मिस्त्रीने मला सांगितले होते, "इंजिनिअर साब, हलका माल मत मांगो, बदनामी होगी." शेवटी करारात रिकामे वजन लिहून घेतले आणि काट्यावर तोलून पैसे द्यायचे ठरवले. सांगाडा वेल्डिंग पूर्ण झाल्यावर जस्ताच्या कढईत बुडवून घ्यावा. आधी बुडवून मग वेल्डिंग केले तर नेमक्या सांध्यांवरचे जस्त जळते, आणि गंज तिथूनच सुरू होतो. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला जिथे टेकतो तिथे मध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी हवी, नाहीतर खारट ओलीत दोन धातू एकमेकांना खातात. परवाना, नोंदणी आणि तपासणी यांची चौकशी नकाशा हातात असताना करावी, डबा उभा राहिल्यावर नव्हे. विम्याचेही तसेच : मोटार ट्रेलरवर असताना तिचा विमा लागू आहे का, हे लेखी विचारा.

मापे. आमचा डबा आतून साडेपाच मीटर लांब, चाकांच्या खोक्यांमध्ये मोकळी रुंदी २.०५ मीटर. मोटार १.६५ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर. दार उघडणार कसे? नवखे लोक इथे हमखास फसतात : मोटार आत चढवतात आणि खिडकीतून बाहेर येतात. म्हणून डाव्या भिंतीत, मोटारीच्या दारासमोर, एक मोठे दार असावे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : इथे आपण रस्त्याच्या उजव्या बाजूने जातो, म्हणजे ते दार वाहत्या रहदारीकडे उघडते. रस्त्याच्या कडेला मोटार चढवू-उतरवू नये.

डब्याच्या लांबीचा मोह आवरा. पुढे ओटा, कपाटे, फ्रीज असलेले अमेरिकन ट्रेलर चित्रात फार छान दिसतात, पण प्रत्येक जादा मीटर वारा अडवतो. आमच्या साडेपाच मीटरच्या कुशीवर ताशी ५४ किलोमीटरचा आडवा वारा पावणेदोनशे किलोंचा रेटा देतो. शमाल जोरात असेल त्या दिवशी आम्ही निघतच नाही.

मागचे दार खाली पडून त्याचाच रॅम्प होतो. फरशी जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि दार दोन मीटरचे असेल तर चढ साडेचौदा अंशांचा होतो, आणि खाली बसवलेल्या मोटारीचे पोट वरच्या कडेला घासते. आमच्या मोटारीला, पोटाखाली १२ सेंटिमीटर जागा धरून, साडेदहा अंशांपर्यंतचा मोडता चढ चालतो. दाराला १.२ मीटरची घडीची फळी जोडली की चढ नऊ अंशांवर येतो. तुमच्या मोटारीचे गणित वेगळे असेल, पण ते दार बनवण्याआधी करा. ज्यांना आपली पद्मिनी इथे आणून मिरवायची स्वप्ने पडतात त्यांना या बाबतीत काळजी नाही; जेमतेम नऊशे किलो वजन आणि पोटाखाली ऐसपैस जागा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीची शेवटची टॅक्सी मुंबईतून २०२३च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा आता ती जपून न्यायचीच वस्तू झाली आहे.

विंच हवाच, बंद पडलेली मोटार चार माणसांनी नऊ अंशांचा चढ ढकलणे हे लिहायला सोपे आहे. चाके फिरत असतील तर दोनशे-सव्वादोनशे किलोंची ओढ पुरते. पण गिअरबॉक्स अडकला किंवा चाक जाम झाले तर तीच ओढ हजार-अकराशेवर जाते, म्हणून दोन टनांच्या वरचा घ्या. दोरी ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. आणि विंच हे बांधून ठेवण्याचे साधन नव्हे.

बांधायचे ते पट्ट्यांनी, चार कोपऱ्यांना चार. पट्ट्याच्या कड्या सांगाड्याच्या लोखंडात वेल्ड केलेल्या असाव्यात, प्लायला स्क्रूने मारलेल्या नव्हेत. युरोपातला हिशेब असा की पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के ओढ सहन झाली पाहिजे. आमच्या बाबतीत पुढे ९६० किलो. पट्ट्यावर छापलेला मोठा आकडा तुटण्याचा असतो, कामाचा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. मी पट्टे चाकांवरून घेतो, त्यामुळे मोटार आपल्या स्प्रिंगांवर हलत राहते आणि पट्टे सैल होत नाहीत. तरी पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळायचे. उन्हात पडलेला पट्टा वर्षा-दोन वर्षांत पांढुरका पडतो. तो फेकून द्यावा, "अजून चालेल" म्हणू नये.

आत आणखी काय? खूप कमी. एलईडी दिवे, ॲक्सलवर ठेवलेली हत्यारांची पेटी, दाराशी अग्निशामक, आणि हवेच्या जाळ्या. या जाळ्यांबद्दल आग्रह धरतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवर साचते. म्हणून जाळ्या खाली हव्यात, आणि तापलेली हवा जायला छतातही. ऑगस्टच्या उन्हात उभा केलेला बंद डबा आतून भट्टी होतो. रंग पांढराच असावा आणि छताला आतून थर्मोकोल. जेरीकॅन त्यात ठेवायचा नाही. लहान मुलांना हा डबा म्हणजे लपाछपीची उत्तम जागा वाटते, म्हणून कुलूप कायम, पाच मिनिटांसाठी सुद्धा.

राहिले टायर. ट्रेलरचे टायर झिजून नाही, वयाने आणि उष्णतेने मरतात. कुशीवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात ते वाचूनच घ्या. 'नवा' टायर गोदामात तीन वर्षे पडलेला असू शकतो. ट्रेलरसाठीच्या अमेरिकन टायरांवर वेगळे काही लिहिले नसेल तर ते ताशी १०५ किलोमीटरपर्यंतचेच समजायचे. हवा थंड असताना, पहाटे, टायरवर लिहिलेल्या पूर्ण दाबापर्यंत भरावी. आम्ही ९० च्या वर जात नाही, सगळे हॉर्न वाजवत पुढे जातात, जाऊ द्यावेत.

नाकाचा भार घरी मोजण्याची युक्ती अनेकांनी विचारली होती. न्हाणीघरातला वजनकाटा दीडशे किलोंपर्यंतच जातो, आपल्याला तीनशे मोजायचे. एक भक्कम फळी घ्या. एका टोकाखाली वीट आणि दुसऱ्या टोकाखाली काटा, दोन्हींवर एकेक पाइपाचा आडवा तुकडा, म्हणजे टेकायची जागा नेमकी राहते. काट्यावर आधी फळीचे वजन बघून ठेवा. मग ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना अडसर लावून, त्याच्या नाकाचा जॅक विटेकडून एक तृतीयांश अंतरावर फळीवर टेकवा. काट्यावरच्या आकड्यातून फळीचे वजन वजा करून तिप्पट करा. आमचे १०४ येतात. ज्यांना स्वतः करून पाहायचे आहे त्यांनी शुक्रवारी सकाळी यावे. फळी आणि विटा आमच्याकडे आहेत, काटा मात्र ज्याचा त्याने आणावा, कारण आमचा घरातल्या मंडळींनी परत मागून घेतला आहे.